प्रातिनिधिक संघाची निवड आणि प्रेक्षकांचा वाद : पुण्याच्या पालवणकर बंधूंच्या संदर्भात

प्रस्तावना

निरनिराळ्या संघांतील निवडक खेळाडू एकत्र आणून एखाद्या सामन्यापुरता अथवा दौऱ्यापुरता जो संघ उभा केला जातो, त्यास प्रातिनिधिक संघ असे म्हटले जाते. अशा संघात कोणास स्थान मिळावे यावर क्रीडारसिकांमध्ये होणारा वाद हा सर्व देशांत आणि सर्व खेळांत आढळतो. कोल्हापुरात पाटाकडील, खंडोबा, दिलबहार या तालमींच्या फुटबॉल संघांचे पाठीराखे राज्याच्या संघात आपला कोण गेला आणि कोण राहिला यावर तावातावाने बोलतात. पुण्यात २०१४ ते २०१९ या काळात एफसी पुणे सिटी हा संघ बालेवाडीच्या मैदानावर खेळत असे, तेव्हा तेथील तरुण प्रेक्षकांतही हीच चर्चा ऐकू येत असे. वरकरणी ही चर्चा करमणुकीची वाटते व बहुतेक वेळा ती तशीच असते. तथापि काही प्रसंगी या वादातून समाजाची घडण उघडी पडते. पुण्याच्या क्रीडेतिहासात अशा प्रसंगाचे एक ठळक उदाहरण उपलब्ध आहे. ते फुटबॉलचे नसून क्रिकेटचे आहे. पालवणकर बाळू व त्यांचे बंधू यांना हिंदूंच्या संघात घ्यावे की नाही आणि घेतल्यावर त्यांना कर्णधार करावे की नाही, हा वाद सुमारे तीन दशके चालला. प्रस्तुत लेखात या वादाची उकल करण्याचा प्रयत्न केला आहे.

मोजता येणारे आणि न मोजता येणारे

निवडीवरील वाद समजून घेताना एक भेद प्रथम ध्यानात घेणे आवश्यक आहे. खेळाडूच्या काही गुणांची नोंद आकड्यांत होते, काहींची होत नाही. फुटबॉलमध्ये आघाडीच्या खेळाडूचे गोल मोजले जातात. परंतु योग्य जागी उभे राहून प्रतिस्पर्ध्याला पुढे सरकूच न देणाऱ्या बचावपटूचे काम बराच काळ कोणत्याही तक्त्यात येत नसे. अमेरिकन फुटबॉलमध्ये हा प्रश्न अधिकच तीव्र स्वरूपात दिसतो. तेथे सर्वोत्तम खेळाडूंच्या वार्षिक सामन्याची निवड १९९५ पासून प्रेक्षक, खेळाडू आणि प्रशिक्षक यांच्यात समसमान वाटली गेली. चेंडू घेऊन धावणाऱ्याच्या बाबतीत मतदाराला आकड्यांचा आधार असतो. त्याच्यासाठी वाट मोकळी करून देणाऱ्या धिप्पाड खेळाडूंना मात्र तसा आधार जवळजवळ नसतो व त्यांची निवड बऱ्याच अंशी नावलौकिकावर होते. आकडा नसला की लौकिक पुढे येतो. आणि लौकिक कोणाचा होतो, हा प्रश्न केवळ खेळाचा राहत नाही.

क्रिकेट हा त्यामानाने आकड्यांनी समृद्ध खेळ आहे. प्रत्येक धाव, प्रत्येक षटक, प्रत्येक बळी गुणलेखकाच्या वहीत उतरतो. परंतु याच खेळात कर्णधार नावाचे एक पद आहे, ज्याच्या गुणवत्तेसाठी वहीत रकाना नाही. गोलंदाज केव्हा बदलावा, क्षेत्ररचना कशी करावी, नाणेफेक जिंकल्यावर काय करावे यांचे परिणाम दिसतात, पण ते कोणाच्या नावावर मांडावेत हे ठरविता येत नाही. शिवाय विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबई इलाख्यात कर्णधार हा संघाचा, पर्यायाने समाजाचा मुखत्यार मानला जात असे. प्रतिपक्षाच्या कर्णधाराशी बरोबरीने हस्तांदोलन करणे, मेजवानीत भाषण करणे, चषक स्वीकारणे ही त्याची कामे होती. बाळूंच्या बाबतीत हा भेदच निर्णायक ठरला, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

पुण्यातील आरंभ

पालवणकर बाळू यांचा जन्म १८७६ मध्ये धारवाड येथे चर्मकार समाजात झाला. पालवणकर हे आडनाव कोकणातील मूळ गावावरून आलेले. वडील लष्करी सेवेशी संबंधित असल्यामुळे कुटुंबाचे वास्तव्य पुण्यात झाले आणि बाळू व शिवराम हे बंधू लष्करी अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या साहित्यावर क्रिकेट शिकले. बाळूंना पहिली नोकरी मिळाली ती पारशांच्या एका क्रिकेट क्लबात. खेळपट्टी झाडणे व तिच्यावर रूळ फिरविणे हे काम, वेतन दरमहा तीन रुपये. १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात चार रुपयांवर रुजू झाले. तेथे जाळी बांधणे, खेळपट्टीची निगा राखणे यांबरोबर सभासदांना सरावासाठी चेंडू टाकण्याचे कामही त्यांच्याकडे आले. जे. जी. ग्रेग हे तेथील सर्वश्रेष्ठ फलंदाज. आपल्याला बाद केल्यास दर वेळी आठ आणे देण्याचे त्यांनी बाळूंना कबूल केले होते, अशी आख्यायिका आहे. (हे ग्रेग पुढे लष्करातून निवृत्त होऊन कॅथलिक धर्मगुरू झाले.) आख्यायिका खरी असो वा नसो, तासन्‌तास उत्तम फलंदाजांना चेंडू टाकून डावखुऱ्या मंदगती गोलंदाजीवर बाळूंनी विलक्षण प्रभुत्व मिळविले, हे निश्चित. फलंदाजीचा सराव मात्र त्या क्लबात त्यांना कधी मिळाला नाही. साहेब फलंदाजी करणार व चाकर गोलंदाजी, ही वाटणी ठरलेली होती.

पुण्यातील हिंदू क्रिकेट मंडळींना युरोपियनांना हरवावयाचे होते आणि त्यासाठी लागणारा गोलंदाज युरोपियनांच्याच मैदानावर झाडू मारीत होता. त्याला आपल्या संघात घ्यावे काय? रामचंद्र गुहा यांनी 'अ कॉर्नर ऑफ अ फॉरेन फील्ड' या २००२ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात या पहिल्या वादाची हकिकत दिली आहे. काही तेलुगू सभासद बाळूंना घेण्यास अनुकूल होते, तर स्थानिक ब्राह्मण सभासद प्रतिकूल. या प्रसंगी खुद्द ग्रेग यांनी वृत्तपत्रातून मत दिले की, बाळूंसारख्या खेळाडूला दूर ठेवणे हा हिंदूंचा मूर्खपणा ठरेल. अखेर बाळूंची निवड झाली.

निवड झाली, पण तिच्यासोबत एक अलिखित करारही झाला. मैदानावर बाळूंनी हाताळलेला चेंडू सर्वजण हाताळीत. चहाची वेळ झाली की इतरांना क्लबच्या इमारतीत चिनी मातीच्या कपातून चहा मिळे, बाळूंना तो बाहेर, वापरून फेकून देण्याच्या मातीच्या भांड्यातून दिला जाई. जेवणाचे पान वेगळे. हा विरोधाभास ढोंगीपणाचा म्हणून सोडून देण्याजोगा नाही. त्यात एक सुसंगती आहे. बळी मोजता येत होते, म्हणून ते नाकारता येत नव्हते. ज्या व्यवहारात मोजदाद नव्हती, तेथे रूढी अबाधित राहिली. पुण्यातील सुधारकांना हे खटकत होते आणि मैदानावरच्या विजयांमुळे त्यांच्या बोलण्याला बळ येत होते, हेही नमूद करावयास हवे.

मुंबई, १९०६ आणि इंग्लंडचा दौरा

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्यात प्लेगची साथ आली, तेव्हा बाळू मुंबईस गेले आणि यथावकाश १८९४ साली स्थापन झालेल्या हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. तेथेही प्रवेशावर कुरबूर झालीच, परंतु पुण्यातील कामगिरीचे आकडे त्यांच्यापाठोपाठ मुंबईत पोहोचले होते.

फेब्रुवारी १९०६ मध्ये बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर हिंदू विरुद्ध युरोपियन हा सामना झाला. हिंदूंनी २४२ व १६० धावा केल्या. युरोपियनांचे डाव १९१ व १०२ धावांत संपले. १०९ धावांनी मिळालेल्या या विजयात बाळूंचा वाटा मोठा होता आणि शिवरामही संघात होते. 'इंडियन सोशल रिफॉर्मर' या पत्राने या विजयाचा अर्थ लावताना अस्पृश्य मानलेल्या बंधूंच्या संघातील समावेशाचे विशेष स्वागत केले. म्हणजे निवडीचा प्रश्न क्रीडावार्तेच्या स्तंभातून सामाजिक चर्चेच्या स्तंभात गेला होता. पुढच्याच वर्षी पारशी, युरोपियन व हिंदू यांची तिरंगी स्पर्धा सुरू झाली. १९१२ मध्ये मुसलमानांचा संघ आल्यावर ती चौरंगी व १९३७ मध्ये 'इतर' या संघाच्या समावेशाने पंचरंगी झाली. धर्मावर आधारलेल्या या स्पर्धांवर कठोर टीका झाली व ती रास्तही होती. पण एक गोष्ट त्यांनी अजाणता घडविली. 'हिंदूंचा सर्वोत्तम संघ' निवडायचा म्हटल्यावर हिंदू कोण, हा प्रश्न टाळता येईना.

१९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. हिंदू, मुसलमान, पारशी अशा सर्व समाजांतून निवडलेल्या या संघाची कामगिरी एकंदरीत सामान्य झाली. बाळूंनी मात्र सर्व सामने मिळून ११४ बळी घेतले, तेही प्रत्येकी १८.८४ धावांच्या सरासरीने. परतल्यावर मुंबईत दलित समाजाच्या वतीने त्यांचा सत्कार झाला, त्या वेळी मानपत्राचे काम तरुण भीमराव आंबेडकर यांनी पाहिले होते. प्रशांत किदंबी यांनी या दौऱ्यावर लिहिलेल्या 'क्रिकेट कंट्री' (२०१९) या ग्रंथात संघनिवडीमागील समाजासमाजांतील ओढाताण विस्ताराने मांडली आहे. येथे एवढेच म्हणता येईल की, १९११ नंतर बाळूंच्या संघातील जागेवर कोणी आक्षेप घेऊ शकत नव्हते. आक्षेपाची जागा बदलली.

कर्णधारपदाचा वाद

साधारण १९१० पासून दरवर्षी एक प्रश्न विचारला जाऊ लागला : बाळू कर्णधार का नाहीत? त्यांच्या बाजूने मांडला जाणारा युक्तिवाद सरळ होता. ज्येष्ठता त्यांची, अनुभव त्यांचा, बळी त्यांचे. प्रत्यक्षात कर्णधारपद मुकुंद पै यांच्याकडे राहिले. पै हे गौड सारस्वत समाजातील, खेळाडू म्हणून चांगले आणि मनाने उदार. १९१३ मध्ये एका सत्कारात त्यांनी स्वतःच जाहीरपणे सांगितले की, हा मान ज्येष्ठ व अनुभवी अशा बाळूंना मिळावयास हवा होता. कर्णधाराने आपल्या नेमणुकीविरुद्ध मत द्यावे आणि निवड समितीने तरीही ती कायम ठेवावी, हा प्रकार क्रिकेटच्या इतिहासात दुर्मिळच म्हणावा लागेल.

वाद विकोपाला गेला तो १९२० साली. त्या वर्षीच्या चौरंगी स्पर्धेत निवड समितीने बाळूंना संघातून वगळले आणि पहिल्या सामन्याचे नेतृत्व पुण्याच्या दि. ब. देवधर यांच्याकडे सोपविले. शिवराम व विठ्ठल या बंधूंनी निषेध म्हणून संघातून माघार घेतली व आपली भूमिका निवेदनाद्वारे जाहीर केली. खेळातील योग्यतेने कमी, पण तथाकथित सामाजिक दर्जाने वरचढ अशा व्यक्तींना आपल्या पुढे बसविले जाते, हा त्या निवेदनाचा आशय होता. 'बॉम्बे क्रॉनिकल'मध्ये या विषयावर पत्रव्यवहार झाला आणि क्रिकेटच्या कारणाने अस्पृश्यतेवर वाद झडू लागला.

येथे दोन प्रश्न वेगळे करणे न्याय्य ठरेल, कारण नंतरच्या लेखनात ते बहुधा एकत्र केले गेले आहेत. बाळूंचे वय तेव्हा चव्वेचाळीस होते. चव्वेचाळीस वर्षांच्या गोलंदाजाला वगळणे खेळाच्या निकषावर समर्थनीय ठरू शकते, त्यावर प्रामाणिक मतभेद संभवतात. विठ्ठल यांची गोष्ट निराळी. ते ऐन उमेदीत होते, हिंदूंच्या अव्वल फलंदाजांत त्यांची गणना होत होती आणि चौरंगी सामन्यांचा त्यांचा अनुभव देवधरांपेक्षा अधिक होता. त्यांना डावलण्यास खेळातील कारण दाखविणे कठीण होते. देवधर यांचा यात व्यक्तिशः दोष काढण्याचे कारण नाही. अठ्ठावीस वर्षांचा, उत्तम फलंदाजी करणारा, पुढे सर परशुरामभाऊ महाविद्यालयात संस्कृतचा प्राध्यापक म्हणून ख्याती पावलेला तरुण समितीला 'कर्णधारासारखा' वाटला, इतकेच. पण तसा वाटण्यासाठी जे गुण समितीने नकळत गृहीत धरले, ते शिक्षण, भाषा, पंक्तिव्यवहार हे होते. आणि ते मिळविण्याची संधी रूळ फिरविणाऱ्या मुलाला समाजाने दिलेली नव्हती. आमच्या प्राध्यापकवर्गाला हे उदाहरण अंमळ अस्वस्थ करणारे वाटावे, कारण 'व्यक्तिमत्त्व' या नावाचा असाच एक रकाना आपल्याही मुलाखत-समित्यांमध्ये असतो.

लोकमताच्या दडपणाचा परिणाम झाला. पुढच्या सामन्यात पै कर्णधार म्हणून परतले, पालवणकर बंधूंनी माघार मागे घेतली आणि बाळूंना उपकर्णधार नेमण्यात आले. सामना चालू असताना पै काही काळ मैदानाबाहेर गेले, जेणेकरून त्या वेळेपुरते नेतृत्व बाळूंकडे यावे. समितीने जे दिले नाही, ते सहकाऱ्याने तेवढ्यापुरते दिले.

अखेर १९२३ मध्ये विठ्ठल हिंदूंचे कर्णधार झाले व संघाने त्या वर्षीची स्पर्धा जिंकली. बाळू स्वतः कधीही पूर्णार्थाने कर्णधार झाले नाहीत. ३३ प्रथम श्रेणी सामन्यांत १५.२१ च्या सरासरीने १७९ बळी, एवढी नोंद ठेवून ते निवृत्त झाले. विठ्ठल यांनी १९४८ मध्ये 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र मराठीत प्रसिद्ध केले. या सर्व घडामोडींकडे आतून पाहणारे ते महत्त्वाचे साधन असून आपल्या ग्रंथालयांत ते सहजी आढळत नाही, ही खेदाची बाब आहे.

प्रेक्षकांचे मत कितपत विश्वसनीय?

वरील हकिकतीवरून प्रेक्षक नेहमी न्यायाच्या बाजूचे असतात, असा समज करून घेणे भाबडेपणाचे होईल. अमेरिकेतील बेसबॉलमध्ये याचे विपरीत उदाहरण आहे. तेथील सर्वोत्तम खेळाडूंच्या सामन्यासाठी प्रेक्षकांचे मतदान घेतले जात असे. १९५७ मध्ये सिनसिनाटी शहराच्या चाहत्यांनी मतपत्रिकांचा असा पूर लोटला की, प्रारंभीच्या खेळाडूंत त्यांच्या एकाच संघाचे सात जण निवडले गेले. आयुक्त फोर्ड फ्रिक यांनी त्यांपैकी दोघांच्या जागी विली मेज व हँक आरन यांना घेतले आणि मतदानाचा अधिकार प्रेक्षकांकडून काढून घेतला. तो त्यांना १९७० मध्ये परत मिळाला. मेज व आरन हे दोघेही कृष्णवर्णीय आणि दोघेही आकड्यांच्या कसोटीवर निर्विवाद श्रेष्ठ होते. सिनसिनाटीच्या चाहत्यांच्या मनात वंशद्वेष होता असे म्हणण्यास आधार नाही. गावाभिमान पुरेसा होता. येथे अधिकाऱ्याने प्रेक्षकांची चूक सुधारली, तर मुंबईत प्रेक्षकांनी अधिकाऱ्यांची.

कर्णधारपदापुरते पाहिल्यास पालवणकरांच्या प्रकरणाशी सर्वांत जवळचे साम्य वेस्ट इंडिजमध्ये सापडते. तेथेही कृष्णवर्णीय खेळाडू संघाचा कणा होते. जॉर्ज हेडली यांना १९४८ मध्ये एका कसोटीपुरते नेतृत्व मिळाले, परंतु कर्णधारपद सामान्यतः गोऱ्या वा गौरप्राय व्यक्तीसाठी राखीव राही. सी. एल. आर. जेम्स यांनी त्रिनिदादमधील 'द नेशन' या पत्रातून चालविलेल्या मोहिमेनंतर १९६० मध्ये फ्रँक वॉरेल यांची संपूर्ण मालिकेसाठी कर्णधार म्हणून नेमणूक झाली. विठ्ठल यांच्या नेमणुकीनंतर सदतीस वर्षांनी, दुसऱ्या गोलार्धात, तोच वाद जवळपास त्याच क्रमाने घडला : प्रथम संघात प्रवेश, मग आकड्यांनी सिद्ध झालेले श्रेष्ठत्व, मग नेतृत्वाला नकार, मग वृत्तपत्रांतील चळवळ.

भारतातही कर्णधारपदाचा प्रश्न जातीपुरता मर्यादित राहिला नाही. १९३२ च्या इंग्लंड दौऱ्यासाठी पोरबंदरचे महाराज कर्णधार नेमले गेले व १९३६ च्या दौऱ्यात विजयानगरमचे महाराजकुमार. दोघांचीही फलंदाजी संघात स्थान मिळावे अशी नव्हती. फरक एवढाच की, पोरबंदरच्या महाराजांनी हे ओळखून लॉर्ड्सवरील कसोटीत सी. के. नायडू यांना नेतृत्व करू दिले. महाराजकुमारांना तसे सुचले नाही.

आणि देवधर? १९२० मध्ये ज्यांच्या नेमणुकीवरून वादळ उठले, तेच पुढे निवडीच्या वादाचा विषय झाले. डिसेंबर १९२६ मध्ये आर्थर गिलिगन यांच्या एमसीसी संघाविरुद्ध त्यांनी भारतातर्फे १४८ धावा केल्या. भारताला कसोटीचा दर्जा मिळाला तो १९३२ मध्ये. तोवर देवधरांनी चाळिशी गाठली होती व इंग्लंडला गेलेल्या संघात त्यांचे नाव नव्हते. पुण्याच्या क्रीडारसिकांना हे कधीच पटले नाही. वयाच्या कारणाला उत्तर म्हणून ते आकडेच पुढे करीत आले : १९३९-४० व १९४०-४१ अशी सलग दोन वर्षे देवधरांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने जिंकलेला रणजी करंडक, आणि १९४४ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, नवानगरविरुद्ध दोन्ही डावांत काढलेली १०५ व १४१ धावांची शतके.